राज्य कुणावर?

एकदा दोन मैत्रिणी एका रिकाम्या चौकटीवरून भांडल्या. चौकट बोटभर लांबीची होती, आणि तीही कागदावरची नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची.

उल्का आणि जुई शाळेत एकाच बाकावर बसून वाढलेल्या. दोघींनी मिळून मोबाईलवर खेळायचा एक खेळ तयार केला होता. खेळ आपल्या ओळखीचाच, सागरगोट्यांचा. एक गोटा वर उडवायचा आणि तो खाली येण्याआधी बाकीचे उचलायचे. फरक इतकाच, की इथे गोटे पडद्यावर आणि ते उचलायला नुसता अंगठा. कल्पना जुईची, चित्रेही तिचीच. त्या चित्रांना हलते करणारा सगळा प्रोग्राम उल्काने लिहिला होता, नोकरी सांभाळून, दोन वर्षांचे रविवार त्यात घालून.

खेळ पूर्ण झाला, तेव्हा तो एका ऑनलाइन गेमिंग सेवेकडे नोंदवायचे ठरले. तिथे नोंद झाली की खेळ कुणालाही आपल्या मोबाईलवर घेता येतो, गुणांचा तक्ता दिसतो, आपल्या पुढे कोण आणि मागे कोण ते कळते. दोघी हौसेने अर्ज भरायला बसल्या. खेळाचे नाव, कोणत्या वयासाठी, आयकॉन कोणता, सारे भराभर भरून झाले. मग ती चौकट आली. 'मालकाचे नाव.' आणि नाव एकच लिहायचे होते.

"माझं लिही," जुई सहज म्हणाली. "सुचलं मला होतं."

"सुचायला काय लागतं? मलाही रोज काहीबाही सुचतं."

"मग तुझं काहीबाही नोंदव. माझी चित्रं मी काढून घेते."

"घे की. घरी नेऊन नाचवून दाखव."

बोलण्याने बोलणे वाढले आणि मग बोलणेच बंद झाले. अर्धवट अर्ज तीस दिवसांत पुरा केला नाही तर तो रद्द होणार होता. पण उल्काला टोचत होते ते वेगळेच. आजवर त्यांचा अबोला एका दिवसावर कधी गेला नव्हता. हा चौथा दिवस होता. चित्रे गेली तर खेळ जाणार, हे ती जाणून होती. खेळाबरोबर आणखी काय जाईल, याचा विचार करायचे ती टाळत होती.

अखेर तिनेच जुईला निरोप पाठवला, 'बाईंकडे जाऊ. त्या म्हणतील तसं.' जुईने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

बाई म्हणजे त्यांच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी सारे गाव त्यांना 'खेळाच्या बाई' म्हणूनच ओळखत असे. दोघींना सागरगोटे शिकवले तेही त्यांनीच. उल्का पोहोचली तेव्हा जुई आधीच येऊन बसली होती, आणि बाई भिजवलेले वाल सोलत होत्या. दोघींनी आपापली बाजू मांडली. जुईने थोडी रडून, उल्काने थोडी तावातावाने.

"शाळेत तुम्ही डब्यातल्या लोणच्यावरून भांडायचात," बाई म्हणाल्या. "त्या मानानं प्रगती आहे. बरं, त्या पानावर काय लिहिलंय ते सगळं वाच बघू."

उल्काने वाचायला सुरुवात केली.

"बारीक अक्षरातलंही वाच."

"त्यात काही विशेष नाही, बाई. 'सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी पंधरा दिवस निवडक व्यक्तींनी खेळ खेळून पाहावा. खेळाडूंच्या शंका व तक्रारी मालकाच्या ई-मेलवर पाठवल्या जातील.' वगैरे वगैरे."

"हे नाव नंतर बदलता येतं?"

"येतं. मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते."

बाईंनी हात पुसले आणि पुढे केले. "चका."

दोघी बघतच राहिल्या. लहानपणी खेळ सुरू करण्यापूर्वी मुले चकतात, हात एकदम टाकतात, कुणाचा उताणा पडतो, कुणाचा पालथा, आणि त्यावरून राज्य कुणावर ते ठरते. पण तिशीला टेकलेल्या दोन बायकांनी मालकी हक्कासाठी चकायचे?

"बाई, दोघींत चकता येत नाही," जुई म्हणाली.

"म्हणून तर तिसरी बसलीय. जिचा हात वेगळा, तिच्यावर राज्य. चला."

पहिल्या खेपेला तिन्ही हात पालथे पडले. दुसऱ्या खेपेला उल्काचा उताणा, जुईचाही उताणा, आणि बाईंचा सुरकुतलेला, वालाच्या वासाचा हात पालथा.

"आलं माझ्यावर," बाई शांतपणे म्हणाल्या. "लिहा माझं नाव. ई-मेल भाच्यानं काढून दिलाय वीजबिलासाठी, तो घाल."

"चेष्टा करता का, बाई?"

"चेष्टा कशाची? चकलो ना आपण?"

बाईंना 'नाही' म्हणण्याची दोघींनाही सवय नव्हती. उल्काने जड बोटांनी ते नाव लिहिले आणि अर्ज पाठवून दिला.

परतताना ती जुईला म्हणाली, "या वयात माणसाला नावाचा मोह सुटत नाही का गं?"

"बाईंना मोह? निरोप समारंभात मिळालेली शालसुद्धा त्यांनी शाळेच्या मावशींना देऊन टाकली होती."

"मग हे काय?"

"मला काय माहीत. चकलो ना आपण."

चार दिवसांनी दोघी एकमेकींशी बोलल्या होत्या, आणि ते दोघींच्याही ध्यानात आले नाही.

पंधरा दिवस सुरू झाले. खेळून पाहायला उल्काच्या ऑफिसातले काहीजण होते, जुईचे नातेवाईक होते, बाईंच्या भजनी मंडळातल्या चौघी होत्या. उल्काला वाटले होते, आता कौतुक येईल. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"उल्का, डावऱ्या मुलांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"म्हणजे?"

"आमच्या भजनातल्या एकीची लेक डावरी आहे. डाव्या अंगठ्यानं खेळली की गोटे तिच्या हाताखालीच झाकले जातात, म्हणे. आज सोय होईल का? मी तिला कळवते म्हटलंय."

उल्काने सोय केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. एका आजींचे हात कापतात, त्यांना गोटा एकदाही उचलता आला नाही. मग कुणाच्या घरी बाळ झोपलेले असते आणि गोट्यांचा आवाज बंदच होत नाही. मग जुईला फोन, की करडे गोटे चित्रातल्या करड्या फरशीवर दिसत नाहीत, फरशी बदल. जुईने फरशी बदलली की उल्काला प्रोग्राम बदलावा लागे, म्हणून जुई उल्काला फोन करी. रोज एकदा, मग दोनदा. भांडायला सवड कुणालाच उरली नाही.

बाराव्या दिवशी उल्का बाईंच्या घरी गेली. दाराशी जुईच्या चपला होत्या. आत जुई फोनवरची पत्रे मोठ्याने वाचून दाखवत होती, कारण बाईंनी डोळ्यांत औषध घातले होते. समोर शंभर पानी वही उघडी होती. प्रत्येक पत्र बाई वहीत उतरवून घेत, त्याखाली उत्तर लिहीत, दोनदा वाचत, आणि मग एका बोटाने फोनवर उतरवत. उल्का वही चाळू लागली. एका पानावर ती थबकली. कुणीतरी लिहिले होते, 'अगदी टुकार खेळ. ज्यानं बनवला त्याला सागरगोटे माहीत तरी आहेत का?'

कान तापले तिचे. दोन वर्षांचे रविवार तिला आठवले.

"याला काय कळवलंत तुम्ही?"

"खाली लिहिलंय की."

खाली बाईंच्या वळणदार अक्षरात होते, 'सागरगोटे मला चांगले येतात, पण मोबाईलवर मीही हरते. तेव्हा तुमच्या म्हणण्यात तथ्य असणार. नेमके कुठे अडते, ते सांगाल का?' आणि त्याखाली त्या गृहस्थाचे परत आलेले लांबलचक उत्तर उतरवून घेतलेले. गोटा वर जाताना आणि खाली येताना एकाच वेगाने येतो, खरा गोटा तसा येत नाही, वर जाऊन तो क्षणभर थांबतो, असे त्याने लिहिले होते. शेवटी त्याच्या आईची आठवण होती.

उल्काने ते दोनदा वाचले. दोन वर्षांत ती गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

"बाई," वही मिटत ती म्हणाली, "रागावू नका. मला त्या दिवशी वाटलं होतं, तुम्हाला नाव हवंय."

"वाटू दे की. मलाही आधी वाटलं, तुम्हाला नाव हवंय म्हणजे त्याबरोबरचं कामही हवंय." बाईंनी डोळ्याच्या कडेचे औषध पदराने टिपले. "मैदानावर आपण काय म्हणायचो, आठव. तुझ्यावर राज्य आलं. शब्द केवढा मोठा, आणि मिळायचं काय? बाकीची पोरं मजेत लपायची. राज्यवाल्यानं डोळे झाकायचे, आकडे म्हणायचे, सगळ्यांना शोधत उन्हात पळायचं. राज्य आलेलं पोर कधी तोऱ्यात बसलेलं पाहिलंस? ज्यानं कुणी हा शब्द खेळात आणला, त्यानं तो पुरता समजून आणला असावा. तुमच्या त्या चौकटीवर 'मालक' लिहिलं होतं, म्हणून दोघी भांडलात. 'राज्य कुणावर' असं लिहिलं असतं, तर दोघीही पळाल्या असतात. मला एवढंच बघायचं होतं, की नुसतं नाव मागणाऱ्यांना तो खेळ खरंच आवडतो की नाही."

"आवडतो का मग?" जुईने विचारले. विचारताना ती बाईंकडे नव्हे, उल्काकडे पाहत होती.

"बारा दिवस तुम्ही एकमेकींना झोपू दिलं नाहीत. तू गोटा असा कर, मी फरशी तशी करते. आवडल्याशिवाय कोण एवढं करतं?" मग बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "आता माझ्यानं पळवत नाही, मुलींनो. खेळ साऱ्यांना खुला झाला की पत्रं हजारांनी येतील. राज्य कोण घेतंय?"

जुईने संगणक उघडला. ती चौकट पुन्हा समोर आली. मघाशी वाचलेले 'टुकार' उल्काच्या कानात अजून वाजत होते. असे आणखी किती येतील, कोण जाणे.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नवे पत्र होते. कापऱ्या हातांच्या त्या आजींच्या सुनेने लिहिले होते, 'आईंनी आज पहिल्यांदा गोटा उचलला. पण उचलल्यावर पुढे काय करायचं, ते त्यांना कळेना. मलाही हा खेळ येत नाही. कुणी सांगेल का?'

उल्काने फोन ओढून घेतला आणि लिहायला बसली. पहिला डाव कसा मांडायचा, कोणता गोटा आधी उडवायचा, नजर वर ठेवायची की खाली, सारे ती सांगत गेली, पुसत गेली, पुन्हा लिहीत गेली. आजींना वाचता येईल का, म्हणून वाक्ये लहान केली. किती वेळ गेला ते तिला समजले नाही.

मान वर केली, तेव्हा संगणकावरची चौकट भरलेली होती. जुईने त्यात उल्काचे नाव लिहिले होते आणि आता ती बाईंबरोबर नव्या फरशीचा रंग कोणता असावा, यावर वाद घालत होती.

उल्काने ते पाहिले आणि ती पुन्हा फोनकडे वळली. पत्राच्या शेवटी तिने लिहिले, 'आपल्या, जुई आणि उल्का', आणि ते पाठवून दिले.