दोरीनं बांधलेलं पान

शिशाच्या खिळ्यांवर एकेक अक्षर कोरलेलं असे, त्या काळातली ही गोष्ट. छपाई झाली की खिळे सुटे करून खणांत परत ठेवत. एका पक्षाच्या जाहीरनाम्याचं पान मात्र दोरीनं बांधून फळीवर जपलेलं असे. निवडणूक आली की खिळे जुळवणारा रंगोबा त्यातलं वर्ष तेवढं बदलायचा.

पाचव्या निवडणुकीला त्या पानातल्या वर्षाच्या आकड्यात साताचा खिळा येऊन बसला. ऐटीत म्हणाला, "मी लग्नपत्रिकेत होतो, ते लग्न झालं. वर्षश्राद्धाच्या पत्रात होतो, तेही झालं. तुम्ही काय सांगता?"

"प्रत्येक वाडीला विहीर," झिजलेला 'व' हळूच म्हणाला.

"मग, झाल्या विहिरी?"



तेवढ्यात पक्षाचे चिटणीस आले. रंगोबानं त्यांना कच्ची प्रत दाखवली. "साहेब, विहिरीची ओळ पार झिजलीय, वाचता येत नाही. नवे खिळे लावू का?"

"कशाला?" चिटणीस हसले. "लोकांना पाठ आहे ती."

साताच्या खिळ्यानं अंग चोरून घेतलं. त्या दिवशी एकाही प्रतीवर वर्ष नीट उमटलं नाही.