कानांवर आलेली पगडी

एक होता शाहीर. कोणत्या गावचा ते मला विचारू नका, पाच गावं तो आमचाच म्हणून भांडतात. त्यानं डफावर थाप मारली की माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. त्याची बायको मागे तुणतुणं वाजवायची आणि सुरात सूर मिसळायची.

गावच्या पाटलांनी खूश होऊन त्याला जरीची मखमली पगडी दिली. पगडी झकास होती, पण शिवली होती पाटलांच्या मापानं, आणि पाटलांचं डोकं म्हणजे अस्सल कलिंगड! शाहिराच्या डोक्यावरून ती सरकन खाली आली आणि दोन्ही कान झाकून बसली.

शाहीर हरखून गेला. पगडीच्या आत आवाज असा घुमायचा, की त्याला वाटायचं, वा रे वा, काय गळा आहे आपला! खरं तर गाता गाता त्याचा सूर वर वर सरकायचा आणि त्याला पत्ताच नसायचा.

"अहो, सूर चढतोय तुमचा," बायको म्हणाली.

"पाटलांनी मान दिला तो काय उगाच?" असं म्हणून त्यानं पगडी आणखी खाली दाबली.

तेवढ्यात शेजारगावच्या शाहिरानं आव्हान दिलं. अट कडक होती. हरणाऱ्यानं आपला डफ जिंकणाऱ्याला द्यायचा आणि पुन्हा कधी गायचं नाही.

सभा भरली. पाहुणा शाहीर छान गायला. मग आपला शाहीर उठला. पहिल्याच कडव्यात सूर चढला. नवऱ्याची लाज राखायला बायकोनं तुणतुण्याची खुंटी पिळून तारेचा सूरही वर नेला. सूर आणखी चढला, तिनं आणखी पिळली. शेवटी टण्णकन तार तुटली! सगळी सभा खो खो हसली.

शाहीर मागे वळला. बायकोचे ओठ हलताना दिसत होते.

"काय म्हणतेस?" तो ओरडला.

तिनं पगडीकडे बोट दाखवलं.

शाहिराला घाम फुटला. समोरच पाटील बसलेले. भर सभेत त्यांनीच दिलेली पगडी काढायची? त्यानं पाटलांकडे पाहिलं, मग डफाकडे पाहिलं, आणि पगडी काढून पाटलांच्या मांडीवर ठेवली.

"माझा मान परत करतोस?" पाटील गरजले.

"नाही हो पाटील, सांभाळायला देतोय. गाताना मला कान लागतात."

त्यानं हळूच एक सूर लावला. ऐकला. अरे देवा, केवढा चढलाय हा! त्यानं तो जरा खाली आणला, पुन्हा ऐकला, आणखी थोडा उतरवला. नेमका सूर सापडला तसा तो मनापासून हसला आणि गायला लागला. तार नाही, काही नाही, पण आवाज तसूभर हलला नाही. गाणं संपलं तेव्हा पाहुण्या शाहिरानं स्वतः येऊन त्याला मिठी मारली आणि आपला डफ पुढे केला.

"राहू द्या हो," आपला शाहीर म्हणाला. "पहिल्या कडव्यात मीच हरलो होतो. दोघंही गात राहू."

मग तो बायकोकडे वळला. "कारभारणी, चुकलंच माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही."

"ऐकणार कसे?" बायको म्हणाली. "तुम्हाला तुमचंच ऐकू येत नव्हतं, माझं कुठून येणार!"

तात्पर्य: मान खुशाल डोक्यावर घ्यावा, पण कानांवर येऊ देऊ नये. ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो, त्यालाच तो सुरात ठेवता येतो.