शिडीचं दुसरं टोक

"मग शेवटच्याला शिक्षा नको का, बुवा?"

हेरंब टिपणीस वीज आयोगातला हुशार अधिकारी. वीज कंपन्यांच्या कारभाराची तुलना करून त्यांचे नंबर लावायचं सूत्र त्याचंच. त्यात डोंगरपट्टीची कंपनी अकरावी, म्हणजे शेवटची आली होती. उद्या हेरंबची सही झाली की तिथले निम्मे वायरमन कमी होणार होते. सही करायला हात धजेना, म्हणून तो डोंगरावरच्या मठात धुंडाबुवांकडे आला होता. अर्थात, हे त्याने कबूल केलं नाही.

"सूत्र चुकलंय?" बुवांनी विचारलं.

"छे! हजार ग्राहकांमागे सपाटीवर दोन वायरमन पुरतात. इथं सहा लागतात. आळस, दुसरं काय?"

"हं..."

अंगणात वायरमन सोमा वारघडे लांबलचक शिडी घेऊन खोळंबला होता. पलीकडच्या पाड्याची वीज सकाळीच गेली होती आणि त्याचा जोडीदार तापाने फणफणला होता.

"हेरंबा," बुवा म्हणाले, "शिडीचं दुसरं टोक धर."

"मी?"

बुवांनी शिडीकडे बोट दाखवलं.

दोघं निघाले. आधी दरी उतरले, मग दोन ओढे ओलांडले. साहेबांचा एक बूट दुसऱ्या ओढ्याला अर्पण झाला. खांबापाशी पोचायला अडीच तास लागले. फ्यूज बसवायला सोमाला पाच मिनिटं लागली.

"आली, आली!" पाड्यातल्या सातही घरांतून ओरडा झाला.

सोमा ओशाळून म्हणाला, "आमचं असंच हाय, सायेब. काम थोडं, चालणंच लई."

तिन्हीसांजेला हेरंब मठाच्या ओसरीवर मटकन बसला आणि हसायलाच लागला. कित्येक दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

"बुवा, मी माणसं मोजली, वाट मोजलीच नाही! उद्या सही करत नाही. चढ-उतार, दोन घरांमधलं अंतर, सगळं सूत्रात घालतो. इथला एकही वायरमन कमी होणार नाही."

सोमाने शिडी भिंतीला लावली आणि तिथेच खाली बसला.

"छान झालं," बुवा म्हणाले. "मग ही कंपनी कितवी येईल?"

"सहावी... फार तर सातवी."

"आणि अकरावी?"

हेरंब घुटमळला. "येईल कुणीतरी..."

बुवांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"त्यांच्याकडे कधी जातोस?"