दारातला वाळका धागा

त्या राज्यात घरटी खूप होती, पण घरटे विणणारा कोणी उरला नव्हता. बाभळीवर सुगरण पक्ष्यांचे विद्यापीठ होते आणि तिथे विणकामाची पदवी मिळे. रीत सोपी होती. जुन्या घरट्यांतले पसंत पडतील ते भाग निवडायचे, त्यांचे धागे आपल्या फांदीपर्यंत ओढून आणायचे आणि गाठ मारायची. मूळ घरट्यापासून काही तोडायचे नाही. घरटे डुगडुगू लागले तर एकदा उडून जायचे आणि पुन्हा येऊन बसायचे, एवढाच दुरुस्तीचा धडा होता. गवत नव्याने विणणाऱ्याला तिथे अडाणी म्हणत.

दिगू सुगरण या विद्यापीठात पहिला आला. एका घरट्याची हजार घरटी कशी करावीत, कोणती काडी कुठे ठेवली म्हणजे चटकन सापडते, यावर तो तासनतास बोले. ऐकणारे उडून गेल्याचे त्याच्या फार उशिरा लक्षात येई. त्याच्या घरट्याचा बोगदा वरच्या फांदीवरून आलेला, घुमट गुरुजींचा. दारातून मात्र एक वाळका धागा आडवा गेला होता. तो कशाला, असे त्याने एकदा गुरुजींना विचारले.

"चालतंय ना?" गुरुजी म्हणाले. "मग हात लावू नकोस."

दिगूने हेच उत्तर परीक्षेत लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

विणीचा हंगाम आला. दिगूचा जीव जिच्यावर जडला होता ती यमू घरटे पाहायला आली. आत जाऊन, चोच मारून, सगळे तपासून बाहेर आली.

"घर छान आहे हो," ती म्हणाली, "पण हा धागा मानेला काचतो. एवढा काढा, म्हणजे मी राहते. मला आता फार थांबता यायचं नाही."

मला ठाऊक नाही, एवढे म्हणणे पदवीधराच्या चोचीत बसेना. "त्यात काय," म्हणत दिगूने धागा ओढला.

आधी त्याचा बोगदा उसवला. मग वरच्या फांदीवरचे घरटे, मग त्याच्या शेजारचे, आणि शेवटी गुरुजींचा घुमट गुरुजींसकट खाली आला. बाभळीवर नुसते काटे उरले. दिगूला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

यमू उडून गेली नाही. तिने खालून एक हिरवे पाते आणले, त्याच्यापुढे ठेवले आणि वाट पाहत बसली. दिगूने पाते चोचीत धरले. सुरुवात कोणत्या टोकाने करायची ते त्याला कळेना. सवयीने त्याने मान वळवून शेजारच्या फांदीकडे पाहिले.

तिथे गुरुजी बसले होते, चोचीत एक हिरवे पाते धरून, आणि दिगूकडे पाहत होते.