गजराबाईच्या दोन म्हशी

एकदा एका दुष्काळी वर्षी गावाबाहेरच्या चारा छावणीत एक तंटा उभा राहिला. गजराबाई नावाची एक बाई आपल्या दोन म्हशी घेऊन फाटकापाशी ठाण मांडून बसली. तिला चारा मिळत होता तो एकाच म्हशीचा, कारण यादीत तिच्या नावावर म्हैस एकच होती.

ती यादी तयार करणारा प्रोग्राम ऋजुताने लिहिला होता. ती तालुक्याच्या गावी बिडकर सरांकडे प्रोग्रामिंग शिकत असे. छावणी चालवणाऱ्या शेठनी सरांकडे जाणता माणूस मागितला, तेव्हा सरांनी आपली ही हुशार विद्यार्थिनी पाठवली. काही लोक एकच जनावर दोनदा नोंदवून जास्तीचा चारा उचलत होते, आणि जनावरांच्या कानात लावायचे क्रमांकाचे बिल्ले अजून आले नव्हते. म्हणून ऋजुताने नियम केला: मालक, जात, रंग, वय आणि शिंगांची ठेवण जुळली, की ते एकच जनावर समजावे आणि दुसरी नोंद काढून टाकावी. प्रोग्रामने अशा त्रेचाळीस नोंदी एका फटक्यात काढल्या. शेठ प्रसन्न झाले. त्यांनी यादी वर, तहसील कचेरीत, पाठवूनही दिली.

"मावशी, तुमच्या म्हशीची नोंद दोनदा झाली होती," ऋजुता म्हणाली. "ही दुसरी तुम्ही नंतर कुणाची तरी आणली असणार."

"कुणाची आणू? दोघी एकाच बाजारातनं, एकाच दिशी आणल्यात. दोघी काळ्या, दोघी पाच वर्साच्या. म्हणून काय एक झाल्या व्हय?"

"प्रोग्राम चुकत नाही, मावशी."

"मग मी बी हितनं हलत न्हाई."

आणि ती खरोखरच हलली नाही. एकीचा चारा ती दोघींपुढे वाटून टाकी. पाचव्या दिवशी दोघींच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

रविवारी ऋजुता सरांकडे गेली. तिने त्रासून सगळी हकिगत सांगितली. सरांनी एवढेच विचारले, "नियम पुन्हा पाहिलास?"

"तीनदा पाहिला, सर. नियमात दोष नाही. बाई हटवादी आहे."

दुपारी सरांनी ऋजुताला आणि तिच्यासोबत शिकणाऱ्या केतकीला जेवायला बसवले. केतकीला पोटभर वाढले. तिचे जेवण झाले, तसे त्यांनी भांड्यांवर झाकणे ठेवली.

ऋजुताला वाटले, सर विसरले. "सर, माझं ताट?"

"तुझं जेवण झालं."

"माझं कुठे झालं?"

"वय एकोणीस. वर्ग एक, वसतिगृह एक. सकाळपासून दोघी उपाशी. सगळं जुळलं. केतकी जेवली, म्हणजे तू जेवलीस. दुसरं ताट वाढलं तर ती दुबार नोंद होईल."

ऋजुताचा चेहरा लाल झाला. "मी तुमच्यासमोर बसले आहे, सर. मला भूक लागली आहे. मी केतकी नाही."

"गजराबाई पाच दिवस हेच सांगते आहे," सर म्हणाले, आणि झाकणे काढून ते तिला वाढू लागले. वाढता वाढताच ते पुढे बोलले. "तू ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधली वस्तू, शिकलीस तेव्हा तीन गोष्टी पाठ केल्या होत्यास. त्याची स्थिती, म्हणजे रंग, वय, भूक. त्याचं वर्तन, म्हणजे ते काय करू शकतं. आणि त्याची ओळख, म्हणजे ते तेच आहे, दुसरं नव्हे. स्थिती बदलते, आणि दोघांची सारखीही असू शकते. वर्तन तर एका क्लासमधल्या, म्हणजे एकाच प्रकारच्या, सगळ्यांचं सारखंच असतं. पण केतकी जेवली तेव्हा बदल केतकीच्या स्थितीत झाला, तुझ्या नाही. कारण ओळखी दोन आहेत. तू स्थिती जुळवलीस आणि ओळख पुसलीस. पाठ सगळं होतं, ऋजुता. फक्त भूक लागली नव्हती."

ऋजुता खाली मान घालून जेवली आणि मिळेल त्या गाडीने छावणीवर गेली.

शेठ तिचे म्हणणे ऐकून हसले. "ताई, अकराशे जनावरांत चार-दोन इकडंतिकडं व्हायचीच. यादी वर गेली. आता ती चुकीची म्हटली, तर माझी शोभा होईल."

"यादी चुकीची आहे. मीच चुकवली आहे."

"काम हातचं जाईल तुमच्या."

"जाऊ द्या. पण आज संध्याकाळपासून चारा यादीवर नाही, दावणीला बांधलेली जनावरं मोजून निघाला पाहिजे. त्रेचाळीस नोंदी मी एकेक करून बघणार आहे. आणि दोन्ही म्हशींना चारा मिळेपर्यंत फाटकापाशी मीही मावशींशेजारी बसते. मग शोभा कुणाची होते ते बघा."

गजराबाईने अंथरलेले घोंगडे थोडे सरकवून जागा केली आणि ऋजुता तिथे बसली. चारा वाटायची वेळ झाली. लोक जमू लागले, तसे शेठनी मुकादमाला दुसरी पेंढीही टाकायला सांगितले.

पुढचे तीन दिवस ऋजुता दावणी-दावणीने फिरली. त्रेचाळीसांपैकी एकोणीस नोंदी खरोखरच दुबार निघाल्या. उरलेली चोवीस जिवंत जनावरे होती. तिने नियम मोडून नवा लिहिला: आत आलेल्या प्रत्येक जनावराला स्वतःचा एक क्रमांक, जो रंग-वय कितीही जुळले तरी दुसऱ्याला मिळणार नाही आणि ते जनावर थकले, आटले, विकले गेले तरी बदलणार नाही. तो पत्र्यावर कोरून तिने प्रत्येकाच्या गळ्यात बांधला. पुढच्या आठवड्यात शेठनी तिचे काम काढून घेतले. नियम मात्र त्यांना काढता आला नाही. छावणीतल्या बायाच आता आपापले क्रमांक तोंडपाठ सांगू लागल्या होत्या.

निघताना ऋजुताने गजराबाईची क्षमा मागितली. गजराबाई म्हणाली, "तुला दोघी सारख्या दिसल्या, ते खोटं न्हवतं. माझं म्हणणं एवढंच व्हतं, की मोजताना दोन म्हण."

सारखे दिसते ते एकच मानून टाकणे फार सोपे असते. त्या सोपेपणाची भूक मात्र नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी लागते.