दोन चोचींचा मोर

एका चैत्रात झोळेमहाराजांचा मुक्काम कोष्ट्यांच्या सावळवाडीत पडला होता. तिथल्या देवीला दर उत्सवात नवा शेला चढे, आणि तो विणण्याचा मान पाळीने एकेका घराकडे जाई. शेल्यात चूक निघाली, की त्या घराचा मान कायमचा जाई, अशी तिथली कडक रीत!

त्या साली पाळी सटवाजी कोष्ट्याची होती. महाराजांचा हा भोळा भक्त. आई अंथरुणाला खिळलेली. अकरा रात्री तो तिच्या उशाशी बसून होता आणि दिवसा मागावर. धागे मोजता मोजता आकडा निसटला आणि पदरातल्या एका मोराला चक्क दोन चोची फुटल्या!

विणकरांचा मुखंड रखमाजी म्हणजे संशयाचे गाठोडे. तीन दिवस तो समोरच्या ओट्यावर पाळत ठेवून होता, पापणीला पापणी लागू देत नव्हता. "डोळे बघा याचे, तांबडेलाल! ढोसून बसतोय. नाहीतर कुणीतरी याला फितवलंय," तो सगळ्यांना सांगे.

उत्सव दुसऱ्या दिवसावर आला. सटवाजी सकाळीच रडत महाराजांकडे गेला. महाराज म्हणाले, "आधी नीज. तुझ्या आईपाशी मी बसतो."

"वा!" मागोमाग आलेला रखमाजी खेकसला. "म्हणजे हा झोपणार आणि तुम्ही शेला बदलणार! मी नाही फसायचा." त्याने मागाच्या खोलीला कुलूप ठोकले, किल्ली कनवटीला लावली आणि उंबऱ्यावरच ठाण मांडले.

सटवाजी दुपारी उठला. कुलूप उघडले आणि काय नवल! नेमका चुकलेला भाग अलगद उसवलेला. रेशमाचा एक धागा तुटला नव्हता. विणायचे मात्र सटवाजीलाच होते. ताज्या डोळ्यांनी तो बसला आणि दिवेलागणीला शेला मागावरून उतरला.

रखमाजीला तरीही पटेना. तो स्वतः मोर मोजू लागला. एकदा नऊ भरले, एकदा अकरा. होते दहा. शेवटी एकावर बोट ठेवून तो ओरडला, "हा बघा, दोन चोचींचा!"

सगळे वाकून पाहू लागले. चोच एकच होती.

महाराज मायेने म्हणाले, "बाबा, तीन दिवस तुझाही डोळा लागलेला नाही. सटवाजीने ढोसलं म्हणालास ना, ते हेच."

रखमाजीचा चेहरा उतरला. "चुकलो, महाराज. सटवाजी, माफ कर रे," म्हणत त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. ते वर उठेचना. लोक घाबरून पुढे झाले, तेव्हा महाराजांनी पाय न हलवता ओठांवर बोट ठेवले. रखमाजी गाढ झोपला होता.