तांबटणीची जाड तार

ऐका वीजमाये, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या कडेला तांबटांची आळी होती. तिथं अनसूया नावाची तांबटीण राहत होती. घरात मुलगा नागेश होता, सून रेवती होती. घर हातोड्यांनी वाजायचं, भांड्यांनी झळकायचं.

नवरात्र आलं. घट बसले. अनसूयेनं समईऐवजी विजेचा दिवा लावला. कां, तर वाऱ्यानं विझायला नको. घटापुढचा दिवा विझला तर घरावर काहीतरी येतं, असं तिच्या मनानं घेतलेलं. मग काय झालं? पाण्याची मोटर लावली, फ्यूज उडाला, दिवा विझला. तिनं नवी तार घातली, पुन्हा उडाला. पुन्हा घातली, पुन्हा उडाला.

तेवढ्यात वीजमाय म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. म्हणाली, "बाई, बाई, ती बारीक तार उगीच तुटत नाही. घरावरचं आपल्यावर घेऊन तुटते. मोटरीची वायर बघ, कुठंतरी सोलली असेल." अनसूया म्हणाली, "घटापुढं अंधार झालाय, नि ही भोचक मला वायरी दाखवतेय. जा, पुढचं घर बघ." म्हातारी गेली.

तांबटाच्या घरी तारेला काय तोटा? अनसूयेनं तांब्याची जाड तार घेतली, फ्यूजमध्ये पिळून बसवली. दिवा लागला तो लागलाच.

मग नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. रेवती म्हणाली, "सासूबाई, नळ चावतो." "चावत नाही गं, देवीचा संचार आहे. हळदकुंकू वाहा." रेवतीनं वाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सासूबाई, दंडापर्यंत मुंग्या येतात." "भाग्याची आहेस. मला मेलीला बोटापुरत्याच येतात." तिसऱ्या दिवशी रेवती बोलली नाही. बोलून काय व्हायचं? नळाला नमस्कार करायची नि कळशी लावायची.

अष्टमीला ती न्हाली, ओल्या लुगड्यानं घटाचं पाणी भरायला गेली. मोटर चालू होती. नळाला हात लागला, तो सुटला नाही. नागेश धावला, मोटरीचं बटण बंद केलं, बायकोला मांडीवर घेतलं. पण रेवती राहिली नव्हती. आत घटापुढं दिवा जळतच होता.

मग अनसूयेनं अन्न सोडलं. म्हातारीला शोधत निघाली. वेशीत शोधलं, घाटावर शोधलं, शेवटी विजेच्या खांबाखाली म्हातारी भेटली. तिचे पाय धरले. "माझी सून दे."

"ती माझ्याच्यानं देववत नाही. तार तुटू दिली असतीस, तर मी तिथंच थांबले असते."

"मग मी करू काय?"

"वसा घे. फ्यूजला पेलेल तेवढीच तार घालावी, तीही जाणत्या वायरमनच्या हातची. अर्थिंगच्या खड्ड्याला तुळशीसारखं पाणी घालावं. ओल्या हाताला बटण दाखवू नये. नळ चावला तर नमस्कार करू नये, मेन बंद करावा. उतू नये, मातू नये, दिवा विझला म्हणून रडू नये. आणि ही कहाणी सांगावी."

"कोणाला सांगू?"

"जिची लेक गेली, तिला आधी."

वसा घेतला, पण हे शेवटचं काही होईना. विहिणीच्या आळीच्या तोंडाशी गेली, माघारी आली. दाराशी गेली, माघारी आली. तिसऱ्यांदा उंबरा ओलांडला. विहीण तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आता काय न्यायचं राहिलंय?"

"न्यायला नाही आले. सांगायला आले."

मग अनसूया बसली, सगळं सांगितलं. जाड तार सांगितली, हळदकुंकू सांगितलं, म्हातारीला हाकललं तेही सांगितलं.  विहीण सुपातल्या तांदळांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "आमचाही नळ चावतो, विहीणबाई. मी म्हणायचे, थंडीचं पाणी आहे. हल्ली पाणी धाकटीच भरते."

मग उठली, मेन बंद केला. न्हाणीकडे तोंड करून धाकट्या लेकीला हाक मारली. "कळशी राहू दे तिथंच. ये, इथं बस. आणि तुम्ही, विहीणबाई, पुन्हा पहिल्यापासून सांगा."

थोरली गेली, ती कहाणीनं परत येत नाही. धाकटी वाचली. जशी तिथं धाकटी वाचली, तशा तुमच्याआमच्या लेकीसुना वाचोत. ही शंभर सुस्काऱ्यांची कहाणी, चार शब्दांत सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो.